महात्मा फुले मंडई: छताखालची भाजी आणि छत दोन्ही तपासून

पुण्यात भाजी दारात येते. गल्लीच्या तोंडाशी हातगाडी असते, चौकात टेम्पो उभा असतो आणि मोबाईलवर बोट टेकवलं की कोथिंबिरीची जुडीसुद्धा घरपोच मिळते. तरी शुक्रवार पेठेतल्या गर्दीत शिरून मंडईत जावं का? जावं. पण नुसतं 'मंडईत' जाऊन भागत नाही, दगडी इमारतीच्या आत जाऊन ओट्यावरून भाजी घ्यावी. बाहेरच्या रस्त्यावर पाटी मांडून बसलेल्यांचा मालही बहुतेक गुलटेकडीच्या मार्केट यार्डातूनच येतो. फरक पडतो तो माल दिवसभर कसा राहतो याने, आणि ते काम ही इमारत १८८६ पासून करते आहे.

आधी इमारतीविषयी, कारण ती कळली की खरेदी नेमकी होते.

मंडई बांधली जाण्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. वर ऊन आणि पाऊस, खाली धूळ आणि चिखल. १८८६ मध्ये नवी इमारत खुली झाली आणि तिला तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं गेलं: रे मार्केट. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. नगरपालिकेने एवढी मोठी रक्कम मंडईवर घालण्याला त्यांचा विरोध होता, तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. हा विरोध करणारा माणूस बांधकामातला अडाणी नव्हता. फुले स्वतः ठेकेदार होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी बांधकामाचं सामान पुरवलं होतं. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब त्यांना सभागृहातल्या बऱ्याच जणांपेक्षा चांगला कळत होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना या मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. मुंबईच्या १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटचं नावही आता महात्मा जोतिबा फुले मंडई असंच आहे, त्यामुळे परगावच्या पाहुण्याला पत्ता सांगताना 'पुण्याची' हे आवर्जून सांगावं.

इमारतीच्या वरच्या मजल्यावर बरीच वर्षं नगरपालिकेची कचेरी होती. खाली वांगी-बटाटे, वर शहराचा कारभार. आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, त्याचं अनावरण १९२४ मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झालं. 'मंडई विद्यापीठ' हा शब्द इथूनच आला. भाजीवाल्यापासून नगरसेवकापर्यंत सगळे उघड्यावर जे बोलायचे आणि ज्या सभा भरायच्या, त्याला पुणेकरांनी दिलेलं हे नाव आहे, आणि ते आदरानेच दिलेलं आहे.

आता रचना. मध्यभागी अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना निघालेले आठ हात. वरून पाहिलं तर चाकाच्या आऱ्यांसारखं दिसतं. शैली गॉथिक: टोकदार कमानी, उंच निमुळता कळस, सगळं काम काळ्या पाषाणात. बहुतेक लेख इथेच थांबतात आणि 'भव्य वास्तू' म्हणून मोकळे होतात. खरी हुशारी पुढे आहे. नाशवंत मालाला तीन गोष्टी लागतात. ऊन थेट पडता कामा नये, हवा खेळती हवी आणि खालून ओल लागता कामा नये. आठही हात लांबट आणि अरुंद असल्यामुळे कुठलाही ओटा उजेडापासून फार लांब पडत नाही. एकच मोठा चौकोनी दिवाणखाना बांधला असता तर मधले गाळे अंधारात आणि कोंडलेल्या वासात गेले असते. हातांमधून हवा आत येते, माणसांच्या आणि मालाच्या उष्णतेने गरम होते, उंच छताकडे चढते आणि मधल्या उंच भागाकडे ओढली जाते. एप्रिलच्या दुपारी बाहेरच्या डांबरी रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की फरक अंगाला कळतो. जाड दगडी भिंती सकाळचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात, कारण एवढा दगड तापायला वेळ लागतो.

आठ हातांचा दुसरा फायदा गिऱ्हाइकाचा. कुठल्याही हातातून आत शिरा, मध्यावर आलात की बाकीच्या सात हातांकडे वळता येतं, पुन्हा बाहेर पडून वळसा घालावा लागत नाही. म्हणून खरेदीची पद्धत अशी ठेवा: एका हातातून नुसते भाव विचारत मध्यापर्यंत या, काही घेऊ नका. मध्यावरून दुसऱ्या हातात जा, तिथेही विचारा. मग परत मध्यावर या आणि ज्यांचा माल आवडला त्यांच्याकडे जा. जड वस्तू, म्हणजे बटाटे, कांदे, भोपळा, सगळ्यात शेवटी घ्या, आणि त्या बाहेर पडायच्या हातातच घ्या.

एखाद्या ओट्यासमोर उभं राहून नीट बघा. जोतं उंच आहे, विक्रेता गिऱ्हाइकापेक्षा वर बसतो आणि माल पायऱ्यांसारखा त्याच्यापासून उतरत तुमच्या छातीपर्यंत येतो. वाकावं लागत नाही, सगळा माल एका नजरेत दिसतो आणि वरच्या ओळीतलं वांगंसुद्धा हाताला लागतं. पायऱ्या केल्यामुळे प्रत्येक थराला मागून-पुढून हवा लागते. टोमॅटोचा एकच ढीग केला तर खालचे वजनाने चेपतात, चेपलेल्यातून पाणी सुटतं आणि एक सडला की शेजारचेही डागाळतात. पायरीवर दोनच थर असतात, सडका लगेच दिसतो आणि उचलला जातो. विक्रेत्याच्या मांडीशी ओलं गोणपाट असतं, त्याखाली पालेभाजीचा राखीव साठा. गोणपाटातून पाणी उडतं तशी खालची भाजी गार राहते. ताजी जुडी हवी असेल तर ती समोर मांडलेली नसते, गोणपाटाखाली असते. "मावशी, मांडलेली नको, झाकलेली द्या," एवढं म्हटलं की मिळते. मात्र गर्दी ओसरल्यावर मागा, ऐन घाईत कुणी गोणपाट उचलणार नाही.

वेळेचं गणित. मार्केट यार्डातला फळं आणि भाजीपाल्याचा घाऊक विभाग शनिवारी बंद असतो. म्हणजे शनिवारी मंडईत जी मेथी-कोथिंबीर दिसते ती शुक्रवारची. कांदा, बटाटा, भोपळा, सुरण यांना काही फरक पडत नाही, पण पालेभाजी, मटार आणि भेंडी शनिवारी घेऊ नका. रविवारी यार्डात आवक सगळ्यात मोठी असते, त्यामुळे रविवारी सकाळी निवड उत्तम आणि गर्दीही तेवढीच. शांतपणे निवडून घ्यायचं असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी सात ते नऊ. संध्याकाळी उशिरा भाव उतरतात, शिल्लक मालाचे वाटे लावतात. चटणी, सूप, सार असं त्याच रात्री संपणारं काही करायचं असेल तर वाटा घ्यावा, फ्रिजमध्ये ठेवायला घेऊ नये.

पालेभाजीची पारख पानांवरून करू नका, पानांवर पाणी मारलेलं असतं. जुडीच्या मध्यात बोटं घाला. गार लागली तर ताजी. कोमट लागली तर सोडून द्या. तोडलेली भाजीही श्वास घेत असते, त्यातून उष्णता निघते, घट्ट बांधलेल्या जुडीत ती कोंडते आणि मधली पानं पिवळी पडायला लागतात. बाहेरून ते चार-पाच तास कळतही नाही. मेथी निवडून साधारण निम्मी उरते, म्हणून चार माणसांच्या भाजीला दोन मोठ्या जुड्या धरा. मुळांना माती असेल तर चांगलंच, माती ओल धरून ठेवते. धुऊन चकचकीत केलेली जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. चाकवत, चंदनबटवा, अंबाडी, घोळ असल्या भाज्या हातगाडीवर क्वचित मिळतात. इथे हंगामात हमखास मिळतात आणि मंडईत येण्याचं हे फार मोठं कारण आहे.

वांग्याचा देठ बघा. देठाची टोपी हिरवी आणि काटे टोचणारे असतील तर कालचं-आजचं. टोपी तपकिरी झाली की वांगं जुनं. टोपी जरा उचलून बघितली तर खाली फिकट पट्टा दिसतो, तो रुंद असेल तर वांगं भराभर वाढलेलं, म्हणजे कोवळं आणि कमी बियांचं. भरल्या वांग्यांसाठी अर्ध्या किलोत नऊ-दहा बसतील एवढी घ्या, त्याहून मोठी मसाला धरत नाहीत. सारासाठी गोल, पातळ सालीचा आंबट टोमॅटो मागा. लांबट, घट्ट गराचा टोमॅटो रश्शाला बरा, सारात तो गोडसर आणि पिठूळ लागतो.

मटार. थंडीत पुरंदर भागातून येतो तो चवीला उजवा. शेंगा मुठीत घेऊन एकमेकींवर घासा, ताज्या असतील तर कुरकुर आवाज येतो. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो आणि उन्हात हे फार वेगाने होतं. म्हणूनच बाहेर उन्हात ठेवलेला मटार आणि आतल्या ओट्यावरचा मटार सकाळी एकाच पोत्यातून निघालेला असला तरी दुपारी चवीत वेगळा लागतो. एक किलो शेंगांतून ४०० ते ४५० ग्रॅम दाणे निघतात. त्याहून बरेच कमी निघाले तर शेंगा फुगीर पण पोकळ होत्या.

बटाट्याचंही तसंच. उजेडात राहिला की साल हिरवी पडते, त्याबरोबर सोलानिन तयार होतं आणि बटाटा कडू लागतो. हिरवा भाग जाड कापून टाकावा, सगळाच हिरवा असेल तर फेकावा. आत थेट ऊन नसल्यामुळे ओट्यांवर हिरवा बटाटा कमी सापडतो. कांदा साठवणीला हवा असेल तर गरवा मागा, एप्रिल-मेमध्ये येणारा, कोरड्या मानेचा, सालीचे पापुद्रे घट्ट चिकटलेला. हळवा लाल कांदा दिसायला देखणा असतो, पण त्यात पाणी जास्त, महिन्याभरात कोंब काढतो. पोतंभर घेऊन माळ्यावर टाकायचा विचार असेल तर हळवा मुळीच घेऊ नका.

फळांत दोन गोष्टींसाठी मंडई वेगळी ठरते: अंजीर आणि सीताफळ. दोन्ही पुरंदरची, आणि दोन्ही वाहतुकीत पटकन दबणारी, म्हणून ती जितक्या कमी हातांतून येतील तितकी चांगली. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे दोन बहार असतात, खट्टा आणि मीठा. मीठा बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो आणि खायला तोच घ्यावा. अंजीर उलटं करून तळाचं छिद्र बघा. तिथे मधासारखा थेंब असेल तर फळ पिकलेलं, आणि तिथे आंबूस, ताडीसारखा वास आला तर आतून आंबलेलं. देठाशी पांढरा चीक येत असेल तर कच्चं आहे, ते घरी ठेवून पिकत नाही. सीताफळाच्या डोळ्यांमधल्या रेषा पांढऱ्या-पिवळसर होऊन रुंदावल्या की दोन दिवसांत पिकतं. आजच खायचं असेल तर डोळे सैल झालेलं घ्या आणि हातात घेऊन जा, पिशवीत बटाट्यांखाली गेलं की संपलं.

वजनाबद्दल मनात शंका ठेवून भाव करत बसण्यापेक्षा सरळ तपासावं. लोखंडी वजन उलटं केलं की तळाच्या खोबणीत शिसं भरलेलं दिसतं आणि त्या शिशावर पडताळणीचा शिक्का असतो. शिसं निघालेलं असेल तर वजन हलकं झालेलं आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यासाठी सगळ्यात सोपं साधन म्हणजे अर्ध्या लिटरची न फोडलेली दुधाची पिशवी. दुधाचा अर्धा लिटर सुमारे ५१५ ग्रॅम भरतो, पिशवी धरून ५२० च्या आसपास. काटा ५४० दाखवत असेल तर दर अर्ध्या किलोला २० ग्रॅम भाजी कमी मिळते आहे. टोपली काट्यावर ठेवून मग शून्य केलं का, तेही बघा. बहुतेक जण करतातच, घाईत एखाद्याकडून राहतं.

आता उणिवा. पावसाळ्यात आतली जमीन निसरडी होते. रोज पाणी मारायचं आणि वरून शेकडो पावलांची ये-जा, त्याने दगड गुळगुळीत होतो, त्यावर कोथिंबिरीच्या काड्या आणि पाणी पडलं की पाय घसरतो. उपाय जुनाच आहे, जात्याला लावतात तशी फरशीला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने ठोकून दगड पुन्हा खरबरीत करायचा. वरून चकचकीत टाइल बसवणं हा उपाय नाही, ओल्या टाइलवर आणखी घसरतं. तोवर गिऱ्हाइकाने रबरी तळव्याची चप्पल घालावी आणि वयस्कर माणसांना घेऊन सकाळची धुलाई वाळल्यावर जावं.

दुसरी उणीव जास्त गंभीर, कारण ती इमारतीच्या आयुष्याची आहे. अशा बांधकामात दोन जागा नाजूक असतात. एक, आठही हातांची छपरं मधल्या मनोऱ्याच्या भिंतीला जिथे टेकतात तो सांधा. छपराचं पाणी आणि भिंतीवरून ओघळणारं पाणी दोन्ही तिथेच येतं. तिथली पन्हळ पानांनी आणि कबुतरांच्या घाणीने तुंबली की पाणी मागे सरून भिंतीत शिरतं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पन्हळी एकदा साफ झाल्या आणि गणपतीच्या आधी दुसऱ्यांदा झाल्या, तर निम्म्या गळती होतच नाहीत. दुसरी जागा म्हणजे दगडांमधल्या दर्जा, म्हणजे दोन दगडांमधले भरलेले सांधे. काळा पाषाण घट्ट असतो, तो पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडते ती दर्जांमधूनच. दर्जा चुन्याच्या असतील तर ती सावकाश उडून जाते. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याने सिमेंटने दर्जा भरल्या की ओल आत अडकते, आतला चुना विरघळून वाहतो आणि भिंतीवर पांढरा लोणा फुटतो. बाहेरून भिंत नवीकोरी दिसते, आतून भुगा होत असतो. पुण्यातल्या कितीतरी जुन्या वाड्यांची आणि देवळांची वाट या एका चुकीने लागली आहे. मंडईची दुरुस्ती कुणीही करो, दर्जा चुन्यानेच भरल्या गेल्या पाहिजेत. आणि भिंतीत उगवलेला पिंपळ करंगळीएवढा असतानाच मुळासकट काढला पाहिजे. वरून छाटला की मूळ दुप्पट जोराने दगड उचकटतं, मग घडीव दगड उतरवून पुन्हा बसवण्यावाचून दुसरा मार्ग राहत नाही.

कमानींवर आडवे बांधलेले फलक आणि मेणकापडं हीही तक्रार आहे. विक्रेत्याची अडचण समजते, तिरकं ऊन किंवा पावसाची झड आली तर माल झाकावाच लागतो. पण कायम बांधून ठेवलेलं मेणकापड हवा अडवतं, आणि हवा अडली की ज्यासाठी ही इमारत बांधली तेच काम थांबतं. ऊन कललं की गुंडाळून ठेवता येईल असं गोणपाट किंवा बांबूची चिक हे साधं उत्तर आहे, आणि बांबूचं काम करणारे कारागीर जवळच्या बुरुड आळीत बसलेले आहेत.

कसं जायचं? मेट्रोने. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि मंडईला स्वतःचं स्थानक मिळालं. पाच-सात किलोची पिशवी घेऊन परतायला याहून सोयीचं काही नाही. दुचाकी किंवा चारचाकी आणायचीच असेल तर आर्यन आणि मिनर्व्हा ही वाहनतळं आहेत. दोन्ही नावं त्या जागेवरच्या जुन्या चित्रपटगृहांची. रविवारी सकाळी नऊनंतर तिथे जागा मिळेल अशी आशा धरू नका. तुळशीबाग लागूनच आहे, पण आधी तुळशीबाग आणि मग मंडई असा क्रम ठेवा, नाहीतर भांडी बघण्यात तासभर जातो आणि पिशवीतली पालेभाजी तेवढ्यात कोमेजते.

गणेशोत्सवात हिशेब वेगळा. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन इथलाच, मंडळ १८९४ चं. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत पत्री, दूर्वा, केवडा, केळीचे खांब यांसाठी मंडईसारखी जागा नाही. पत्री घेताना एकवीस पानांची बांधलेली जुडी घेऊ नका, तीत बऱ्याचदा एकच पान दोन-तीन नावांनी घातलेलं असतं. सुटी पानं मागून मोजून घ्या. अनंत चतुर्दशीला मात्र खरेदीसाठी फिरकू नका, विसर्जन मिरवणूक टिळक पुतळ्यापासूनच निघते आणि आसपासचे सगळे रस्ते बंद असतात. इमारत निवांत बघायची असेल तर आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा. विक्रेते जेवून जरा पाठ टेकवतात, वाट मोकळी असते, आणि बरोबर मध्यावर उभं राहून मान वर केली की आठही हात कुठून कसे येऊन मिळतात ते एका जागेवरून दिसतं.